तीन झुरके

पहिली मिळाली न्हावा-शेव्याला, भंगारात.
योकोहामाहून आलेलं पितळ, बावीस टन.
कागदावर नग नव्हतेच, नुसतं वजन.
नमुना म्हणून मूठभर काढलं :
नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, एक चेपलेली घंटा
आणि बोटाएवढी ही, मान वाकवलेली.
मी क्लिअरिंग एजंटाचा कारकून.
खिशात घातली. चोरीच म्हणा,
बावीस टनांतले अकरा ग्रॅम.

नाव पुष्कळ उशिरा कळलं. किसेरू.
ओठाशी धातू, आगीशी धातू, मधे बांबू.
पुढच्या तुकड्याला तिकडे म्हणतात
रानहंसाची मान.
आमच्या नेरुळच्या तळ्यावर फ्लेमिंगो उतरतात,
लोक फोटो काढतात.
मी चिखलात वळलेल्या त्या माना बघतो
आणि मनातल्या मनात
कुठून कापावी, कुठे दांडी बसवावी, ते ठरवतो.

आता अकरा झाल्या.
चमच्यांच्या खणात, कुमुदच्या जुन्या पोलक्यांच्या चिंध्यांत.
एक लोखंडी, हातभर लांब :
तलवार बाळगायची मुभा नव्हती ते म्हणे
ही कमरेला खोचून हिंडत.
एकीवर चांदीचा मासा, शेपूट झिजून गेलेली.
एकीच्या तोंडाशी दाताची खूण, डावीकडे.
माझाही डावा सुळा गेल्या वर्षी पडला,
तेव्हापासून त्या माणसाशी
माझं जाणं-येणं आहे.

मी ओढत नाही. कधीच नाही.
खालचे प्रधान विचारतात, मग कशाला?
त्यांच्या देवघरात शंख आहे,
तो तरी कोण फुंकतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कुमुदने समया घासल्या,
तांब्या घासला, आणि हाताशी आलीच म्हणून
माझी एक पितांबरीने लख्ख केली.
कुणाकुणाच्या अंगठ्यांनी
शंभर-दीडशे वर्षं चढवलेला काळसर रंग
हिरवट पाणी होऊन सिंकमधून गेला.
मी ओरडलो नाही. जेवलो नाही, एवढंच.
ती म्हणाली, परक्याचं उष्टं होतं,
तुमचं असतं तरी घासलंच असतं.
यावर काय बोलणार.

पहिली मात्र तेवीस वर्षं बिनदांड्याची.
ओठाचा तुकडा दुसऱ्याच कुणाचा, पुढे चोर बाजारात सापडला.
दोघांच्या मधलं काही
आणायचं राहूनच गेलं होतं.

परवा बेलापूर गावात गेलो.
पुलाच्या सावलीत शेवंताबाई वडतिले सुपं विणत बसतात.
कसली दांडी?
धुराची, म्हटलं.
त्यांनी ढिगातून करंगळीएवढा बांबू उपसला,
सळई तापवून पेरं जाळलं,
दोन्ही तोंडं दोन्ही टोकांना बसवली,
सुपाच्या काठावर ठोकून.
किती वेळ पुरती एक भरली की?
तीन झुरके. मग राख झटकायची, पुन्हा भरायची.
अगं बया, म्हणाल्या, तीन झुरक्यांपायी एवढा संसार!
आणि आरपार झालं का बघायला
ओठाला लावून
फुंकली.

आतून काहीतरी उडालं.
कणभर, काळं. त्यांच्या पदरावर पडलं.
त्यांनी झटकलं.
खाली बांबूचा भुसा, कोंबडीची पिसं, विडीची थोटकं.
मी वाकून शोधत राहिलो
तेव्हा त्यांना वाटलं, सुटे पैसे पडले.

चाळीस रुपये.
दांडी ओली आहे, म्हणाल्या.
वाळली की आक्रसंल, सैल होईल,
तवा परत या, पाचर मारून देते.

अकरा जणींत ती एकटीच हिरवी.
रोज सकाळी चहाच्या आधी खण उघडतो,
दोन बोटांत धरून हलवून बघतो.
अजून घट्ट आहे.